बोरघाटातील पहिली सहल

१० नोव्हेंबर १८३० या दिवशी मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम काही साहेब मंडळी बरोबर घेऊन बोरघाट उतरला. यात नवल ते काय, असे कोणी म्हणेल. घाट तर शेकडो वर्षे माणसे चढत-उतरत होतीच. नवल एवढेच की, माल्कम घोडागाडीत बसून उतरला. रस्ता अजून पुरता झालेला नव्हता. पण चाके फिरतील इतका झाला होता, आणि गव्हर्नराची मुदत तर संपत आली होती. पुढच्याच महिन्यात तो विलायतेस निघून गेला. जाण्यापूर्वी हे काम आपण स्वतः गाडीत बसून एकदा पाहावे, अशी हौस त्याला वाटली असावी. आज सकाळी पुण्याहून निघावे, घाट पाहावा, खोपोलीस चहा घ्यावा आणि दिवेलागणीला घरी परतावे, अशा सहली करणारी जी असंख्य कुटुंबे आहेत त्यांची वंशावळ मांडू गेल्यास मूळपुरुष म्हणून या गव्हर्नराचेच नाव लिहावे लागेल.

आम्हांस या वंशावळीच्याही मागे जावयाचे आहे. ज्या घाटात आपण आज मौजेने गाडी थांबवून दरीकडे पाहतो, त्या घाटाकडे आपले पूर्वज कोणत्या नजरेने पाहत होते, आणि ती नजर कशी व कोणामुळे पालटली, हा खरा प्रश्न आहे.

प्रथम नावाचा घोळ दूर करू. इंग्रजी कागदांत ‘भोर’ असे नाव पडल्यामुळे पुष्कळांची समजूत होते की, याचा पंतसचिवांच्या भोरशी काही संबंध आहे. तसा तो नाही. भोरहून कोकणात उतरतो तो वरंधा घाट. खोपोली व खंडाळा यांच्यामधला हा बोरघाट. लोक आपले सरळ ‘खंडाळ्याचा घाट’ म्हणतात, आणि त्यात कोणाचाच गोंधळ होत नाही.

घाटाने आपल्या भाषेतच एक भिंत घातलेली आहे. खालचा तो खालाटीचा, वरचा तो वलाटीचा. मुंबईत वरून आलेल्या मजुराला ‘घाटी’ म्हणू लागले आणि तो शब्द हिणवण्याचा झाला. पण मुळात त्याचा अर्थ इतकाच की, हा माणूस घाट उतरून आला आहे. ज्या काळी घाट उतरणे हीच माणसाची ओळख ठरत होती, त्या काळी ती चढण किती अवघड असेल याची कल्पना करावी. खोपोलीपासून खंडाळ्यापर्यंत दीड हजार फुटांहून अधिक उंची थोड्याशा मैलांत चढावी लागे. चाक तेथे निरुपयोगी. माल जाई तो बैलांच्या पाठीवर. वंजाऱ्यांचे व लमाणांचे तांडे खालून मीठ घेऊन वर येत आणि वरून धान्य घेऊन खाली जात. एकेका तांड्यात शेकडो बैल असत. पुढच्या बैलाच्या गळ्यातील घंटेच्या नादावर मागचे चालत. या वाटेने पालखीही जाई. परंतु चढण आली की, पालखीतल्या धन्याला बहुधा खाली उतरून भोयांबरोबर चालावे लागे.

वाट मात्र फार जुनी. कार्ल्याचे चैत्यगृह कोरले गेले ते अशा घाटवाटांच्या माथ्याशी, आणि त्याच्या दात्यांत वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल आहे, धेनुकाकटाचे यवन आहेत. व्यापारी येत-जात होते म्हणूनच डोंगरात एवढे द्रव्य ओतले गेले. या सह्याद्रीच्या ओळीत एक वाट अशी नव्हतीच. कुरवंड्याची वाट होती, राजमाचीच्या बाजूची होती. कुरवंड्याच्याच वाटेने १६६१ च्या फेब्रुवारीत कारतलबखान खाली उतरू लागला आणि उंबरखिंडीच्या रानात शिवाजी महाराजांच्या माणसांत सापडला. शेवटी खंडणी देऊन जीव वाचवून तो परत फिरला. ही कथा आपणां सर्वांस पाठ आहे म्हणून येथे थांबत नाही.

थांबावयाचे ते १७७८-७९ च्या स्वारीपाशी. राघोबादादांना पुण्याच्या गादीवर बसवावे म्हणून मुंबईकर इंग्रजांनी फौज काढली. पनवेलीस उतरून ती घाटाकडे निघाली. २५ नोव्हेंबर १७७८ रोजी कॅप्टन जेम्स स्टुअर्ट याने आघाडीच्या तुकड्यांनिशी घाटमाथा घेतला. विशेष प्रतिकार झाला नाही. मुख्य फौज पाठोपाठ डिसेंबरात वर आली. फौज जेमतेम चार हजारांची; पण तिच्याबरोबर सामान वाहणारे बैल किती होते? एकोणीस हजार! हा आकडा ध्यानात ठेवावा. त्यात साऱ्या स्वारीचे भवितव्य आहे. घाटाला गाडीरस्ता नाही, म्हणून सर्व काही पाठीवर. पाठीवर, म्हणून बैल अफाट. बैल अफाट, म्हणून चाल मुंगीची. खंडाळ्यापासून कार्ल्यापर्यंतची सात-आठ मैलांची सपाट वाट चालावयास या फौजेला अकरा दिवस लागले.

मराठ्यांनी घाटात अडवण्याची घाई केली नाही, यात आम्हांस त्यांचे खरे शहाणपण दिसते. महादजी शिंदे, तुकोजी होळकर, हरिपंत फडके यांनी शत्रूला वर येऊ दिले. मग पुढची गावे ओस, दाणावैरण नाही, आणि चहूकडून घोडेस्वारांची टोचणी. ४ जानेवारी १७७९ रोजी कार्ल्यास स्टुअर्ट पडला. तो इतका धीट होता की, शत्रूनेच त्याला ‘इष्टुर फाकडा’ हे नाव दिले, आणि पुढे वडगावच्या लोकांनी त्याच्या समाधीला नवसही बोलले. शत्रूतील शूराला देवत्व देण्याचे हे औदार्य आमच्या खेडुतांकडे होते. ९ तारखेस फौज तळेगावास पोचली तेव्हा गाव जळत होते. पुणे अवघे वीस मैलांवर. पण पुढे चिंचवड आणि पुणेही जाळण्याची तयारी आहे अशी वार्ता होती. ११ च्या रात्री इंग्रजांनी अवजड तोफा तळ्यात ढकलल्या, सामान जाळले आणि माघार घेतली. पाठीमागे घाट होता. घाट गाठण्यापूर्वीच वडगावास ते वेढले गेले, आणि साष्टीसह मिळवलेला मुलूख परत देण्याचा तह त्यांना करावा लागला. तो तह मुंबईकरांनी पुढे नाकारला, हे निराळे.

एकदा ठेच लागली तरी माणूस शिकतोच असे नाही. १७८१ च्या फेब्रुवारीत जनरल गॉडार्ड घाटमाथ्यावर येऊन बसला. आपण माथ्यावर आहोत एवढ्याने पुणे घाबरेल, अशी त्याची अटकळ. पुणे घाबरले नाही. उलट मराठी पथके कोकणात उतरली आणि पनवेलीहून येणारी रसदच तोडू लागली. एप्रिलात गॉडार्डला पनवेलीकडे परतावे लागले. या परतीत साडेचारशेंहून अधिक माणसे मेली व घायाळ झाली. माथा हाती असून उपयोग नाही, पायथ्यापासून माथ्यापर्यंतची वाट हाती पाहिजे, हा धडा त्यांना या घाटाने दिला.

धडा गिरवला तो आर्थर वेलस्ली याने. वसईच्या तहानंतर दुसऱ्या बाजीरावाला पुन्हा गादीवर बसवण्यासाठी तो १८०३ च्या एप्रिलात पुण्यास आला, आणि त्या सुमारास त्याने घाटाची वाट पायथ्यापासून माथ्यापर्यंत रुंद व नीट करवून घेतली. तोफा आता ओढून नेता येऊ लागल्या. पेशवे गादीवर आहेत, राज्य नावाने त्यांचे आहे, आणि त्यांच्या राजधानीच्या दारातील उंबरठा मात्र दुसराच तासून सपाट करतो आहे! त्या वेळी पुण्यात याची कोणाला खंत वाटली असल्यास ती फार हळू आवाजात बोलली गेली असावी. ३० ऑक्टोबर १८१७ रोजी मुंबईची गोरी पलटण पनवेलीहून घाट चढून झपाझप पुण्यास पोचली, आणि सहा दिवसांनी खडकीची लढाई झाली. केवळ रस्त्यामुळे पेशवाई बुडाली असे आम्ही म्हणत नाही. तसे म्हणणे म्हणजे आपल्या लोकांच्या दोषांवर डांबर घालण्यासारखे होईल. परंतु १७७९ साली जो घाट पुण्याचा पहारेकरी होता, तो १८१७ साली पहाऱ्यावर नव्हता एवढे खरे.

तरीही वेलस्लीची वाट ही गाडीची वाट नव्हती. १८२५ साली बिशप हेबर मुंबईहून पुण्यास आला. घाटाच्या रूपाने तो मोहून गेला. पण वाट रुंद असली तरी इतकी उभी आहे की, भरलेली गाडी किंवा आत माणूस बसलेली पालखीही मोठ्या कष्टानेच वर जाईल, सगळे पायी किंवा घोड्यावरच जातात आणि माल बैलांवरून, असे त्याने नमूद केले आहे.

म्हणून माल्कमची सहल महत्त्वाची. आपल्या टिपणात त्याने या रस्त्याची फारच वाखाणणी केली. कोकण आणि दख्खन यांमधील भिंतच या कामाने पाडली असा त्याचा भाव आहे. भिंत पडून लाभ कोणाचा, हेही तो सांगतो. व्यापाराला सोय, लष्कराला व प्रवाशांना मोठी सोय, आणि दख्खनात राहणारांना विलायती माल स्वस्त. माणूस मोकळा, मनातले लपवीत नाही! विलायती माल वर जाण्यासाठी वाट झाली, तेव्हा त्याच वाटेने वरचा कापूस खाली गेला, आणि आमच्या साळ्या-कोष्ट्यांच्या मागाचे काय झाले ते या नगरीला सांगावयास नको. बैलगाडी घाट चढू लागली तसा लमाणांचा तांडाही मागे पडला. शतकानुशतके ज्यांनी दोन मुलखांची चूल पेटती ठेवली, त्यांच्या धंद्याची ती ओहोटी होती, आणि पुढे तर सरकारदरबारी त्यांच्यावर गुन्हेगारीचा शिक्का बसला. दरीतल्या धबधब्याकडे पाहताना हे आठवलेच पाहिजे असा आमचा आग्रह नाही. पण आठवले तर दृश्य उणे होत नाही.

रेल्वेची हकीकत विस्ताराने सांगण्याजोगी आहे, तथापि तिचे एकच अंग घेऊ. जानेवारी १८५६ मध्ये घाटातील लोहमार्गाचे काम सुरू झाले आणि २१ एप्रिल १८६३ रोजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर याच्या हस्ते तो खुला झाला. मधल्या वर्षांत आगगाडी खालून खोपोलीपर्यंत आणि १८५८ पासून वरून खंडाळ्यापर्यंत येत होती. मधला घाट प्रवाशांनी माल्कमच्या रस्त्याने डोली, तट्टू, गाडी यांवरून ओलांडावा! पंधरा मैलांच्या चढणीत पंचवीस बोगदे खोदले गेले. १८६१ साली या कामावर बेचाळीस हजारांपर्यंत माणसे होती. पटकीने व अपघातांनी किती मेली त्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. १८५९ च्या जानेवारीत थकलेल्या मजुरीसाठी मजुरांनी मोठा दंगा केला आणि पहिल्या कंत्राटदाराला काम सोडावे लागले. दुसरा, सॉलोमन ट्रेडवेल, येऊन काही दिवसांतच मरण पावला. तेव्हा त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने कंत्राट आपल्या नावे ठेवून काम तडीस नेले. ज्या काळी बाईने हिशेबाच्या वहीवर सही करणे हेही नवल होते, त्या काळातली ही गोष्ट. शाळेच्या पुस्तकात तिला दोन ओळी मिळावयास हरकत नव्हती.

लोकांनी मात्र आपला इतिहास आपल्या रीतीने ठेवला. जुन्या रस्त्यावर शिंगरोबाचे देऊळ आहे. शिंगरोबा हा धनगर. इंग्रज अभियंत्याला घाटातली वाट सापडेना, ती याने दाखवली, आणि इनाम म्हणून त्याला गोळी मिळाली, अशी कथा आहे. कोणी ती रस्त्याची सांगतो, कोणी रेल्वेची. दप्तरात तिचा पुरावा शोधण्यात अर्थ नाही. वाट धनगराच्या शेळ्यांनी पाडलेली, मोजणी साहेबाची आणि नाव गव्हर्नराचे, हा हिशेब लोकांना उमगला होता. त्याची नोंद म्हणून ही कथा आम्ही खरी मानतो. घाट चढणारे गाडीवान अजूनही तेथे नाणे टाकून पुढे जातात. मोटार आली, ट्रक आले, तरी ही जकात चुकली नाही.

आगगाडीनंतर रस्त्याकडे लोकांचे लक्ष कमी झाले होते. मोटारीने त्याला पुन्हा दिवस आणले. खरी सहल तेव्हापासूनची. मुंबईकर शेट-सावकारांनी खंडाळा-लोणावळ्यास बंगले बांधले, आणि पावसाळ्यात घाट पाहावयास जाणे हा मध्यमवर्गाचाही कुळाचार झाला. ज्या आषाढात लमाण घाटाचे नाव काढीत नसे, तोच आषाढ आम्हांस पसंत. धुके, निसरड, कोसळते पाणी ही त्याची संकटे; तीच आमची शोभा. ही आमची मौज चाकाच्या, रबराच्या आणि ब्रेकच्या भरवशावर उभी आहे, याचा विसर पडलेले चालक वळणावर दिसतात तेव्हा मात्र काळजी वाटते.

माल्कमच्या रस्त्याबरोबर १८३० सालीच घाटात एक दगडी पूल उभा राहिला. एका मलमाच्या जाहिरातीचा फलक जवळ होता म्हणून त्याला ‘अमृतांजन पूल’ हे नाव पडले. घाटाच्या वळणांनी डोके धरलेल्या प्रवाशाला ते पटलेही असेल. पुढे या शतकाच्या आरंभी द्रुतगती मार्ग झाला तो याच पुलाच्या कमानींखालून गेला, आणि तेथे वाहनांची कोंडी होऊ लागली. पूल ठेवावा की पाडावा यावर बरेच बोलणे झाले. अखेर ५ एप्रिल २०२० रोजी, महामारीच्या टाळेबंदीत रस्ते ओस असताना, सुरुंग लावून तो पाडण्यात आला. एकशे नव्वद वर्षांचे ते बांधकाम काही क्षणांत खाली आले, आणि पाहावयास जवळपास एकही प्रवासी नव्हता. वाहतूक खोळंबल्याच्या बातम्यांत त्या जागेचे नाव अजूनही अमृतांजन पूल असेच येते.