फोनातल्या कॅमेऱ्याचे आयरिश पणजोबा

मंडळी, मी राहतो त्या सँट्रीत डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजचं पुस्तकांचं कोठार आहे. याच कॉलेजात जॉन जॉली (१८५७–१९३३) होते, पुढे भूगर्भशास्त्राचे प्राध्यापक झाले. आपल्या फोनच्या कॅमेऱ्याचे हे पणजोबाच म्हणा ना!

रंगीत चित्रासाठी मॅक्सवेलने १८६१ मध्ये लाल, हिरव्या, निळ्या गाळणीतून तीन वेगळे फोटो काढवले. मधेच कोणी हललं की संपलं! जॉलींनी १८९४ मध्ये एकाच काचेवर या तिन्ही रंगांच्या बारीक रेघा ओढल्या, इंचाला दोनशेच्या आसपास. आता एकाच फोटोत तिन्ही रंग.

पण गंमत अशी, की प्रत्येक रेघ आपलाच रंग आत सोडते, उरलेले अडवते. म्हणजे साधारण दोन तृतीयांश उजेड वाया.

कोडॅकच्या ब्राइस बेयर यांच्या १९७६ च्या पेटंटात रेघांच्या जागी चौकटी आल्या: निम्म्या हिरव्या, पाव लाल, पाव निळ्या. फोनांत आजही बहुधा हीच मांडणी किंवा तिची भावंडं असतात. उजेडाची उधळपट्टीही तीच. म्हणून दिवेलागणीला घरात काढलेला आजीचा फोटो दाणेदार येतो. फोन चार-सहा फोटो जोडून तूट भरून काढू पाहतो, पण हात हलला की चेहरा पुसट.

तेव्हा नवा फोन घेण्याआधी एवढं करा: लेन्स पुसा, आजीला खिडकीकडे तोंड करून बसवा, कोपर टेबलावर टेकवा. आत न आलेला उजेड कुठलंही ॲप परत आणत नाही!