कौल आणि कौले

झाशीहून माणिकपुराकडे जाणाऱ्या लोहमार्गाने किंवा खजुराहोच्या सडकेने पूर्वेकडे सुमारे साठ किलोमीटर गेले, म्हणजे सुखनई नदीच्या काठी मऊरानीपूर लागते. नावाप्रमाणे ही मुळात दोन गावे. पश्चिमेचे रानीपूर ओरछ्याचे राजे पहाडसिंह यांच्या विधवा राणी हीरादेवी यांनी सतराव्या शतकात वसविले, तर मऊ हे त्या काळी केवळ शेतकऱ्यांचे खेडे होते. मात्र इंग्रजी अमदानीतील गॅझेटियरकारांची लेखणी एरवी महसुलाच्या आकड्यांतच रमणारी असली, तरी मऊपाशी येताच ती किंचित रेंगाळते. बुंदेलखंडातील अत्यंत देखण्या गावांत या गावाची गणना करून तिने येथील वृक्षच्छायांकित रस्त्यांचा, जैन मंदिराच्या शिखरांचा आणि पहिल्या व दुसऱ्या मजल्यांच्या मध्ये रुंद पागोळी काढलेल्या घरांचा आवर्जून उल्लेख केला आहे. त्या घराला येथील बोलीत ‘बखरी’ म्हणतात. मराठीत बखर म्हणजे इतिहास आणि बुंदेलीत बखरी म्हणजे घर. या दोन शब्दांचे नाते भाषाशास्त्रज्ञांनी मानले नाही तरी चालेल, कारण मऊच्या बखऱ्या वाचता येतात एवढे मला पुरेसे आहे.

त्यांतील पुष्कळांच्या कवाडांना आज कुलपे आहेत. पावसाळ्यात खापऱ्या सरकतात, तुळयांना वाळवी लागते, एखादा खण खाली येतो, आणि चार वारसांपैकी एक झाशीस, एक दिल्लीस, एक सुरतेस आणि एक कोठे आहे हे कोणालाच नीट ठाऊक नाही, अशा स्थितीत दुरुस्तीचा पैसा कोणी काढावयाचा हा प्रश्न घरापेक्षाही जुना होऊन बसतो. रिकामे घर पुन्हा नांदते करण्यासाठी सरकारने द्रव्यसाहाय्य करावे ही कल्पना आपल्याला आजची वाटते. पण मऊ हे गाव ज्या राज्यपद्धतीच्या छायेत वाढले, तिचे अर्धे शास्त्रच ओसाड जागा वसविण्याचे होते.

ती पद्धत मराठ्यांची. 1729 मध्ये बाजीरावाने महंमदखान बंगषाच्या वेढ्यातून छत्रसालाला सोडविले आणि 1731 मध्ये छत्रसालाच्या मृत्यूनंतर त्याच्या राज्याचा तृतीयांश पेशव्यांकडे आला, ही कथा सर्वश्रुत आहे. तिच्या पोटातली, मऊला लागू पडणारी कथा तेवढी प्रसिद्ध नाही. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात शेजारच्या छत्रपूर संस्थानातील व्यापाऱ्यांना तेथील राजाच्या मागण्या असह्य झाल्या, तेव्हा त्यांनी आपली दुकाने व माणसे उचलली आणि ते मराठ्यांच्या मुलखातील मऊ या खेड्यात येऊन राहिले. म्हणजे छत्रपुरात घरे रिकामी पडली आणि मऊत उभी राहिली. शेतकरी खेड्याची पेठ झाली ती कोणा राजाच्या वैभवापायी नव्हे. एका दरबाराचा हात जड आणि दुसऱ्याचा त्या मानाने हलका होता, म्हणून.

हलका हात म्हणजे काय, याला त्या काळच्या दफ्तरात एकच शब्द आहे, तो म्हणजे कौल. मराठीत कौल हा सरकारच्या अभयवचनालाही म्हणतात आणि छपरावरच्या खापरीलाही. पहिला अरबीतून आला, दुसरा आपल्या मातीतला, आणि दोघांचा व्युत्पत्तीने काडीमात्र संबंध नाही. परंतु पहिला मिळाल्यावाचून दुसरे चढत नसे, हे मात्र त्या काळच्या कोणत्याही पाटलाने सांगितले असते. गाव उजाड झाला, दुष्काळाने असो की फौजेच्या पायाखाली, की कमाविसदार, म्हणजे वसुली पाहणारा अधिकारी, तेथील परागंदा रयतेला कौल पाठवी: परत या, पडीक जमीन करा, इतकी वर्षे सारा घेणार नाही, मागची बाकी उकरून काढणार नाही, वेठीला धरणार नाही. मुदत सरल्यावरही पुरा आकार एकदम बसत नसे. पहिल्या साली थोडा, दुसऱ्या साली त्याहून अधिक, असा चढत्या पायऱ्यांनी तो भरण्यात येई, आणि त्या पायऱ्यांना इस्तावा म्हणत. बैल व बी यांसाठी तगाई मिळे ती निराळी. या व्यवहाराचा सर्वांत स्वच्छ दाखला पेशवाईच्याही आधीचा आहे. 1676 च्या सप्टेंबरात शिवछत्रपतींनी प्रभावळीचा सुभेदार रामाजी अनंत यास लिहिलेल्या पत्रात, ज्या कुणब्याजवळ माणसे आहेत पण बैल वा दाणा नाही त्याला तो पुरवावा, रोख द्यावे, आणि पुढे त्याच्या ऐपतीप्रमाणे मुद्दल तेवढे परत घ्यावे, व्याज घेऊ नये, अशी आज्ञा आहे; आणि या कामी दोन लाख लारी (त्या काळचे नाणे) पर्यंत खर्च झाला तरी तो मान्य करण्याची तयारीही तेथे दर्शविली आहे.

शहरांनाही हाच न्याय लागू होता. पुण्याच्या पेठा वसविताना शेटे-महाजनांना वतन देण्यात येई, त्याच्या बदल्यात उदमी व कारागीर बोलावून आणणे हे त्यांचे काम असे, आणि येणाऱ्यांना घरासाठी जागा व काही वर्षे करांची माफी मिळे. यात औदार्य किती आणि हिशेब किती, असा प्रश्न कोणी केला तर मी हिशेबाच्या बाजूने कौल देईन. माग चालला तर मोहतर्फा म्हणजे धंद्यावरचा कर, दुकान उघडले तर मोहतर्फा, माल हलला तर जकात; घराला कुलूप पडले की सरकारी खात्यातही भोक पडे. रिकाम्या घराचे दुःख मालकाआधी फडणिसाला होत असे, आणि म्हणूनच ते भरण्याचा खटाटोप सरकार स्वतः करी.

मराठ्यांनी सदैव कौलानेच वस्ती केली असे मात्र समजू नये. 1742 च्या सुमारास झाशीचा कारभार हाती आलेल्या नारोशंकरांनी किल्ला वाढविला, शहर उभारले आणि ते भरण्यासाठी ओरछ्याची माणसे तेथून उठवून झाशीस आणली. ती राजीखुशीने आली नव्हती. पुढे 1783 मध्ये ओरछ्याच्या राजाने स्वतःची राजधानीच टेहरीस, म्हणजे आजच्या टिकमगडास हलविली, आणि बेतवेच्या काठचे ते भव्य नगर महालांसकट ओस पडले. एकाच सुभ्यात झाशी जबरदस्तीने भरली आणि मऊ भरवशाने. यांपैकी कोणती वस्ती अधिक टिकाऊ ठरली याचा निवाडा करण्यात अर्थ नाही, कारण झाशीच्या वस्तीची कसोटी पुढे 1858 मध्ये इंग्रजी तोफांनी घेतली आणि नंतरच्या कत्तलीचे साक्षीदार वरसईचे विष्णुभट गोडसे यांनी ‘माझा प्रवास’मध्ये तिचे वर्णन करून ठेवले आहे.

मऊची भरभराट लाल रंगावर उभी होती. खारवा हा जाडा लाल कपडा आपल्याकडे वाण्याच्या चोपडीच्या बांधणीवरून ओळखीचा आहे. बुंदेलखंडात त्यास खरुआ म्हणत आणि त्याची मोठी पेठ मऊ ही होती. अमरावती, नागपूर, इंदूर, मिर्झापूर, दिल्ली अशा दूरच्या बाजारांशी तिचा व्यवहार चाले. रंग निघे आलीच्या मुळांतून. हे झुडूप काळ्या जमिनीत लावीत, तीन-चार वर्षे वाट पाहात आणि मग मुळांसाठी शेत खोल खणून काढीत. या खणतीचा एक फायदा असा की बुंदेलखंडाच्या काळीचा शत्रू जो कांस नावाचा गवताचा हट्टी प्रकार, त्याचीही मुळे तीत उपटली जात. शेतकरी, मुळे कुटणारा, रंगारी, कोष्टी, सावकार आणि अडत्या अशी ही साखळी होती, आणि बखरीची रचना तिच्या सोयीची होती: पुढे रस्त्याला लागून दुकान, मग पौर म्हणजे देवडी, मग माल वाळविण्यास व मोजण्यास चौक, आणि वर सज्जातून पेठेवर नजर ठेवणारे बिऱ्हाड. 1869 मध्ये युरोपातील रसायनशास्त्रज्ञांनी डांबरापासून अ‍ॅलिझरिन सिद्ध केले. त्यानंतर कापड लाल करण्यासाठी कोणाला तीन वर्षे शेतात थांबण्याची गरज उरली नाही. साखळी कडी-कडीने सुटत गेली. कोष्टी मात्र पूर्णपणे गेला नाही. रानीपुरात पुढे टेरीकॉट विणले गेले आणि आजही मागांचा आवाज तेथे ऐकू येतो, पण त्या आवाजाला चौक असलेली बखरी लागत नाही, एक लांबट खोली पुरते.

रंगाच्या व्यापारावरील आघाताच्या आधीच या मुलखावर कर्जाचा आघात झाला होता. 1854 मध्ये झाशी खालसा झाली. 1857 च्या धामधुमीत ओरछ्याच्या फौजेने मऊरानीपूर घेतले आणि सारा वसूल केला. शांतता झाल्यावर इंग्रज सरकारने आपला सारा पुन्हा मागितला. एका पिकावर दोन सरकारे बसल्यामुळे जमीनदार सावकाराच्या दारी गेला, त्यात 1868-69 चा दुष्काळ आला, आणि अखेर 1882 मध्ये झाशीच्या कर्जबाजारी इस्टेटींसाठी स्वतंत्र कायदा करून खास न्यायाधीशाकडून सावकारांचे दावे तपासून घेणे सरकारला भाग पडले. 1903 मध्ये इंग्रजी बुंदेलखंडासाठी तशाच कायद्याची पुनरावृत्ती झाली. तगाई हा जुना शब्दही 1883 व 1884 च्या कायद्यांनी नव्या पोशाखात पुढे चालू ठेवला. परंतु हे कायदे वाचले असता एक गोष्ट ध्यानात येते: विहिरीला पैसा आहे, बांधाला आहे, बैलाला आहे, बियाण्याला आहे, गावातल्या घराच्या तुळईला नाही. घर ही मालकाची खाजगी बाब ठरली. सारा जमिनीवर बसतो, तर मदतही जमिनीला, असा तो सरळ तर्क होता.

पुढच्या पायरीवर हा तर्क उलटाच झाला. संयुक्त प्रांताच्या 1916 च्या नगरपालिका कायद्यात इमारत सलग नव्वद दिवस वा अधिक काळ रिकामी व भाड्यावाचून राहिल्यास तिच्या करात सूट देण्याची तरतूद आहे. कायदा मालकावर अन्याय करीत नाही. जेथे उत्पन्न नाही तेथे कर नको, हे न्याय्यच आहे. तथापि कौलाशी तुलना केली की गंमत दिसते. मराठ्यांचा कमाविसदार जो येऊन राहील त्याला माफी देत असे, आणि नगरपालिका जो राहात नाही त्याला देते.

स्वातंत्र्याच्या वर्षी घरटंचाई एवढी होती की रिकामे घर हा जवळजवळ अपराध झाला. 1947 चा भाडेनियंत्रण कायदा आणि त्याच्या जागी आलेला 1972 चा उत्तर प्रदेशाचा कायदा यांनुसार घर रिकामे होताच जिल्हाधिकाऱ्यास वर्दी देणे भाग होते, आणि तो ते घर कोणाही गरजूच्या नावे करून देऊ शकत असे. मालकाने वारापाऊस आत येऊ नये इतपत डागडुजी आणि वेळोवेळी सफेदी करावी, असेही कायदा सांगे. भाडे गोठलेले, भाडेकरू हलण्याचे नाव नाही आणि चुन्याचा भाव मात्र दरसाल वर जाणारा, अशा त्रैराशिकात सफेदीचे काय झाले असेल याची कल्पना वाचकांनी स्वतःच्या गावातील जुन्या वाड्यांवरून करावी. हुकमाने घर भरता येते, पण शाकारता येत नाही. 2021 च्या नव्या कायद्याने ही वाटपाची व्यवस्था गेली आणि कुलपाला पुन्हा प्रतिष्ठा आली.

2011 च्या जनगणनेने देशात सुमारे 2 कोटी 47 लाख घरे रिकामी मोजली. त्यांतली 1 कोटी 11 लाख शहरांतली होती. त्याच देशात सरकारी घरकुल योजना नवे पक्के घर बांधण्यास अनुदान देतात. मोडकळीस आलेल्या दुमजली बखरीचा वारस त्या योजनेच्या दारात उभा राहिला, तर त्याचे घर आधीच ‘पक्के’ असल्यामुळे तो अपात्र ठरतो, मग त्या पक्क्या घराच्या माळ्यावरून आकाश दिसत असले तरी. अन्यत्र निराळे प्रयोग चालू आहेत. जपानने 2014 च्या कायद्याने दुर्लक्षित रिकाम्या घरांची जमीनकरातील सवलत काढून घेण्याची वाट केली. आयर्लंडने 2022 मध्ये रिकामे घर दुरुस्त करण्यास अनुदान ठेवले आणि 2023 पासून ते 50 हजार युरोपर्यंत, व पडावयास आलेल्या घरास 70 हजारांपर्यंत वाढविले, परंतु अट अशी की मालकाने त्यात राहावे किंवा ते भाड्याने द्यावे, आणि दहा वर्षांच्या आत घर सोडल्यास किंवा विकल्यास अनुदान पूर्ण किंवा त्याचा मोठा हिस्सा परत करावा. मुदत, अट आणि राहण्याचे बंधन ही तिन्ही पाहून आमच्या एखाद्या जुन्या फडणिसाने मान डोलाविली असती. फक्त कौलनाम्यावर शिक्का कोठे आहे एवढे विचारले असते.

मऊत अशा अनुदानाला पहिली अडचण पैशाची येणार नाही, वाटणीविना वाढलेल्या मालकीची येईल. जुन्या कौलात घराची मालकी कोणाची याचा काथ्याकूट नसे. जो येऊन चूल पेटवील त्याच्याशी सरकारचा करार होई. आज बँक असो की सरकारी खाते, आधी वाटणीपत्र मागते, आणि तीन पिढ्या न झालेली वाटणी एका अनुदानाच्या आशेने होत नाही. ओरछ्यात ही अडचण नव्हती, कारण तेथील रिकामा महाल सरकारचाच होता. त्याच्या शीशमहालात मध्य प्रदेशाच्या पर्यटन खात्याने उतारूंसाठी निवास केला आहे आणि ज्या नगरातून नारोशंकरांनी माणसे उठवून नेली, त्या नगरात आता पाहुणे रात्रीचे भाडे भरून राहतात.

मऊचे पाहुणे भाडे भरीत नाहीत, ते घरचेच असतात. जलविहाराच्या मेळ्याला देवांची विमाने, म्हणजे पालख्या, सुखनईच्या पाण्याकडे निघतात, पेठेत पाय ठेवावयास जागा उरत नाही, आणि बाहेरगावी पांगलेली घरे त्या निमित्ताने परततात. हिंदी कादंबरीकार वृंदावनलाल वर्मा यांचा जन्म 1889 मध्ये याच गावी झाला. झाशीच्या राणीवर कादंबरी लिहिणाऱ्या त्या लेखकाच्या बालपणी आलीची ती पेठ नुकतीच उतरणीला लागली असावी, आणि सज्जांत माणसे मात्र अजून बारमास असावीत. आता मेळ्याच्या दिवसांत कुलूप निघते, पौर झाडली जाते, कोणी वर चढून सरकलेल्या खापऱ्या हाताने जागी बसवितो, फुटलेल्यांच्या जागी पत्र्याचा तुकडा दडपतो, आणि त्यावर वारा लागू नये म्हणून एक दगड ठेवून खाली उतरतो.