मराठी फार्सचे हिंदी घर : सचिन पिळगांवकर यांची नट ते दिग्दर्शक ही वाटचाल

मराठी विनोदी रंगपरंपरेचा इतिहास सामान्यतः नाट्यसंहिता, प्रयोग आणि चित्रपट या टप्प्यांपाशी थांबतो. दूरचित्रवाणीवरील प्रासंगिक विनोदी मालिका त्यात क्वचितच स्थान मिळवते. आणि ती मालिका मराठी कलावंतांनी हिंदीत केलेली असेल तर दोन्ही भाषांच्या इतिहासांतून ती निसटते. मराठीच्या लेखी ती हिंदी असते आणि हिंदीच्या लेखी निव्वळ करमणूक. सचिन पिळगांवकर (जन्म १९५७) यांनी दिग्दर्शित केलेली ‘तू तू मैं मैं’ ही मालिका या दुहेरी विस्मृतीचे बोलके उदाहरण होय. तिच्याकडे नेणारी वाट पाहिली तर ही मालिका भाषांतरांच्या एका दीर्घ साखळीतील दुवा असल्याचे ध्यानात येते.

पिळगांवकरांची अभिनयाची सुरुवात राजा परांजपे यांच्या ‘हा माझा मार्ग एकला’ (१९६३) या मराठी चित्रपटातील बालभूमिकेने झाली. पुढे हृषीकेश मुखर्जी यांच्या ‘मझली दीदी’त (१९६७) त्यांनी काम केले. या चित्रपटाचे मूळ शरच्चंद्र चट्टोपाध्याय यांच्या बंगाली कथेत आहे. तरुण वयात त्यांना हिंदीत नायकपद मिळाले ते मुख्यतः राजश्री संस्थेमुळे. राजस्थानातील कुचामण येथे जन्मलेल्या ताराचंद बडजात्या यांच्या या संस्थेने ‘गीत गाता चल’ (१९७५) आणि ‘अँखियों के झरोखों से’ (१९७८) या चित्रपटांत त्यांना नायक केले. ‘नदिया के पार’मध्ये (१९८२) तर एका मराठी नटाने पूर्व उत्तर प्रदेशातील तरुण त्या प्रदेशाच्या बोलीसह उभा केला. परभाषा उच्चारात आणि देहबोलीत मुरवून घेण्याचे हे शिक्षण दिग्दर्शकाच्या पुढील कामासाठी निर्णायक ठरले, असे म्हणता येते.

दिग्दर्शनाचा आरंभ मात्र मराठीतच झाला. ‘नवरी मिळे नवऱ्याला’ (१९८४) आणि ‘गंमत जंमत’ (१९८७) यांनंतर आलेला ‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८) येथे विशेष महत्त्वाचा आहे. त्याचा आधार हृषीकेश मुखर्जी यांचा ‘बीवी और मकान’ (१९६६), आणि त्या चित्रपटाची कथा बंगाली लेखक शैलेश डे यांची. म्हणजे बंगालीतून हिंदीत आणि हिंदीतून मराठीत, असा हा प्रवास होय. मराठी पटकथा-संवाद लिहिणारे वसंत सबनीस हे ‘विच्छा माझी पुरी करा’सारख्या लोकनाट्याचे लेखक. त्यांच्या लेखणीने या उसन्या कथेला अस्सल देशी वळण दिले. पुण्यातील बिऱ्हाडाची अडचण, सधन आणि प्रेमळ घरमालकीण, नवरा-बायकोचे सोंग घेणारे चार तरुण या सामग्रीला वगातील सोंगाची आणि मराठी फार्समधील धावपळीची जोड मिळाली. बबन प्रभू आणि आत्माराम भेंडे यांनी रंगभूमीवर रुजविलेले दारे-खोल्यांचे गणित, म्हणजे कोण आत आहे, कोण बाहेर आणि कोणाला काय ठाऊक नाही याचा हिशेब, येथे चित्रपटात उतरला.

हेच गणित घेऊन पिळगांवकर १९९४ मध्ये दूरदर्शनच्या मेट्रो वाहिनीवर आले. ‘तू तू मैं मैं’मध्ये रीमा लागू सासू देवकी झाल्या, सुप्रिया पिळगांवकर सून राधा आणि कुलदीप पवार सासरे. हे तिघेही मराठी रंगभूमी व चित्रपटांतून परिचित झालेले कलावंत. रीमा लागू यांची निवड अर्थपूर्ण आहे. त्याच वर्षी प्रदर्शित झालेल्या राजश्रीच्या ‘हम आपके हैं कौन’मध्ये त्या सोशिक, वत्सल आई होत्या, येथे त्याच चेहऱ्यावर सासूचा ताठा आला.

‘चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे’ ही म्हण सत्तेची पाळी सांगते. मालिकेने ती पाळीच रद्द केली. येथे दोघींचे दिवस एकाच वेळी चालू असतात आणि दोघींचे शस्त्र एकच, वाणी. एका भागातील विजय पुढच्या भागात टिकत नाही, कारण प्रासंगिक विनोदी मालिकेत काळ साचत नाही. मुलगा आणि सासरे मध्ये सापडतात, पण निवाडा करू शकत नाहीत. जात्यावरच्या ओव्यांत सुनेचे गाऱ्हाणे एकटीचे असते. येथे ते समोरासमोरचे संभाषण झाले. ही समता विनोदाने साधली. मालिका पुढे स्टार प्लसवर गेली. त्याच वाहिनीवर २००० मध्ये ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’ सुरू झाली आणि तेच नाते त्यागाच्या व कारस्थानाच्या अतिनाट्यात शिरले. तेथे सुनेला न्याय मिळण्यासाठी दुःख साठवावे लागते. देवकी-राधेला ते कधी साठवावे लागले नाही.

या यशाची किंमतही नोंदवली पाहिजे. ‘बनवाबनवी’तील पुणे नाव, बोली आणि भाडे यांसह पुणे आहे. ‘तू तू मैं मैं’मधील वर्मा कुटुंब मात्र जयपुरात राहू शकते, भोपाळात राहू शकते, त्याला गाव नाही. अखिल भारतीय प्रेक्षकापर्यंत पोहोचण्यासाठी मराठी विनोदाने रचना सोबत नेली आणि स्थळ मागे ठेवले. शब्दांवरील कोटी भाषांतरात गळते, पण प्रवेश-निर्गमनाची लय टिकते. म्हणूनच कलावंतांचे मराठीपण उच्चारात लपले आणि हालचालीत उरले.

शरच्चंद्रांपासून देवकी-राधेपर्यंतच्या या प्रवासात एकच नट-दिग्दर्शक बंगाली कथा, राजस्थानी निर्माता, पूरबी बोली, मराठी वग आणि हिंदी दूरचित्रवाणी यांना जोडतो. असे कलावंत कोणत्याही एका भाषेच्या वाङ्मयेतिहासात पूर्णपणे मावत नाहीत. त्यांना तेथून वगळल्यास मराठी विनोदाच्या इतिहासात भाषेची सीमा हीच परंपरेची सीमा ठरते. आणि प्रत्यक्षात ती परंपरा त्या सीमेपलीकडे नांदत होती, हे सत्य नोंदीविना राहते.