सिग्नल-केबिनमधील स्मृती आणि छायाचित्रे : लोंढा–कॅसलरॉक मार्गाच्या इतिहासाचे एक साधन

रेल्वेच्या इतिहासावर आपल्याकडे बरेच लेखन झाले आहे. कंपन्या, करार, भांडवल, पूल, बोगदे आणि इंजिने यांची माहिती त्यातून मिळते. मात्र रात्री दोन वाजता केबिनमध्ये उभा राहून लिव्हर ओढणारा माणूस या लेखनात क्वचितच भेटतो. प्रस्तुत लेखात अशाच एका निवृत्त सिग्नल कामगाराच्या आठवणी आणि त्यांच्याजवळची चाळीसेक छायाचित्रे यांचा इतिहासाचे साधन म्हणून विचार करावयाचा आहे. त्यांच्या इच्छेनुसार त्यांचे नाव येथे दिलेले नाही. आमच्या भागात वडीलधाऱ्यांना ज्या नात्याने हाक मारतात, त्याच नात्याने मी त्यांचा उल्लेख ‘चाचा’ असा करीत आहे.

प्रथम या मार्गाची थोडक्यात पार्श्वभूमी पाहू. ब्रिटिश आणि पोर्तुगीज सरकारांमध्ये १८७८ साली झालेल्या करारातून मुरगाव बंदर दख्खनच्या पठाराशी रेल्वेने जोडण्याचे ठरले. त्यासाठी १८८१ साली वेस्ट ऑफ इंडिया पोर्तुगीज रेल्वे ही कंपनी लंडनमध्ये स्थापन झाली. पलीकडे ब्रिटिश हद्दीत सदर्न मराठा रेल्वेचे रूळ पडत होते. कॅसलरॉक येथे दोन्ही मार्ग मिळाले आणि १८८८ मध्ये मुरगावहून घाट चढून गाडी वर येऊ लागली. हा संपूर्ण मार्ग मीटरगेज होता. १९०२ पासून गोव्यातील मार्गाचे चालनही सदर्न मराठा कंपनीकडे आले. १९०८ मध्ये मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वे आणि १९५१ मध्ये दक्षिण रेल्वे असे बदल होत गेले. कॅसलरॉकला ब्रिटिशांचे जकात नाके होते, तर घाटाखाली कुळे येथे पोर्तुगीजांचे. एकाच लोहमार्गावर अशा दोन सत्ता नांदत होत्या.

चाचांचे वडील कॅसलरॉकला ‘बत्तीवाले’ होते. सिग्नलच्या दिव्यांत रॉकेल भरणे, वाती कापणे, काचा पुसणे आणि संध्याकाळ होण्यापूर्वी खांबावर चढून दिवे लावणे हे त्यांचे काम. चाचांच्या आठवणीतील एक बारीक तपशील मला मोलाचा वाटला. सिग्नलची ‘हिरवी’ काच दिवसा हातात घेतली तर निळसर दिसे. रॉकेलच्या ज्योतीचा उजेड पिवळट असतो. तो निळसर काचेतून गेला की लांबून हिरवा दिसतो. लहानपणी चाचांना वाटे की वडील रोज चुकीचीच काच लावतात. लाखो प्रवाशांनी तो हिरवा दिवा पाहिला असेल, पण काच निळसर होती हे ती पुसणाऱ्या हातांनाच ठाऊक होते.

१९५५ मध्ये गोवा मुक्तीसाठी सत्याग्रह झाला, १५ ऑगस्टला सत्याग्रहींवर गोळीबार झाला आणि त्यानंतर भारत व गोवा यांच्यातील रेल्वे वाहतूक बंद पडली. इतिहासाच्या पुस्तकांत ही घटना एका वाक्यात संपते. बत्तीवाल्याच्या घरात तिचा अर्थ वेगळा होता. कॅसलरॉकचे काम आटले आणि वडिलांची बदली लोंढ्याला झाली. शाळा बदलली, शेजार बदलला. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाल्यानंतर वाहतूक पुन्हा सुरू झाली. १९६० च्या दशकाच्या मध्यास चाचा याच मार्गावर सांधेवाले म्हणून नोकरीस लागले आणि पुढे केबिनमध्ये लिव्हरवर आले.

केबिनच्या कामाची रचना समजल्याखेरीज त्यांची छायाचित्रे वाचता येत नाहीत. जुन्या पद्धतीत सिग्नलचा हात आडवा असला की ‘थांबा’ आणि खाली झुकला की ‘चला’. केबिनमधील लिव्हर ओढला की तार ताणली जाऊन हात खाली येई. तार तुटली तर खांबाजवळच्या वजनामुळे हात आपोआप पुन्हा आडवा होई. म्हणजे यंत्रात बिघाड झाला तरी त्याचा कौल थांबण्याच्या बाजूनेच पडावा, अशी ही योजना होती. सांधे आणि सिग्नल यांचे लिव्हर एकमेकांत अशा रीतीने अडकवलेले असत की सांधा योग्य दिशेला बसून कुलूपबंद झाल्याशिवाय सिग्नल देताच येऊ नये. १८८९ मध्ये आयर्लंडमधील आर्मा येथे भीषण अपघात झाल्यानंतर ब्रिटनने कायद्याने ही व्यवस्था सक्तीची केली.

एकेरी मार्गावर दोन स्टेशनांदरम्यान एकावेळी एकच गाडी असावी म्हणून लोखंडी गोळ्याची पद्धत होती. दोन्ही स्टेशनांवरील यंत्रे तारेने जोडलेली असत. पलीकडच्या मास्तरांनी संमती दिल्याशिवाय यंत्रातून गोळा बाहेर पडत नसे आणि गोळा हाती आल्याशिवाय ड्रायव्हर गाडी पुढे नेत नसे. घाटात याहून अधिक सावधगिरी लागे. तेथे दर ३७ फुटांमागे १ फूट इतका तीव्र उतार आहे. उतरणारी गाडी ताब्यात राहिली नाही तर तिला चढावाच्या आडमार्गावर घालून थांबवता यावे, म्हणून सांधा एरवी त्या आडमार्गाकडेच लावलेला असे. गाडी थांबली, ती ताब्यात आहे याची खात्री झाली, की मगच मुख्य मार्ग मिळे.

आता छायाचित्रांकडे वळू. चाचांनी १९७० च्या सुमारास एक जुना आगफा क्लिक थ्री कॅमेरा घेतला. एका रोलमध्ये बारा चौकोनी छायाचित्रे निघत. रेल्वेच्या आवारात छायाचित्रे काढण्यास परवानगी लागे. मास्तरांच्या तोंडी संमतीवर त्यांचे काम भागले. या चित्रांत गाजलेले देखावे फारसे नाहीत. दूधसागरचे चित्र एकच, आणि तेही हललेले. बाकी सारी कामाच्या जागेची आहेत : दिव्यांची खोली, ओळीने उभे लिव्हर आणि त्यांवर टाकलेले फडके, गोळ्याची पिशवी अडकवलेली वेताची कडी, खांबावर चढलेला सहकारी, केबिनच्या पायरीवर ठेवलेला जेवणाचा डबा.

सर्व चित्रे काळी-पांढरी आहेत. लिव्हरच्या ओळीचे चित्र पुढे ठेवले तेव्हा चाचांनी बोट न ठेवताच सांगितले, “लाल सिग्नलचा, काळा सांध्याचा, निळा कुलपाचा, पांढरा रिकामा.” लिव्हरच्या दांड्यावर फडके कशासाठी, असे मी विचारले. हाताच्या घामाने चकचकीत लोखंडावर गंज चढतो, म्हणून फडक्याने धरायचे, असे उत्तर आले. चित्रात वस्तू होती. तिचा रंग आणि तिचे कारण आठवणीने पुरवले.

उलट दिशेनेही असे घडते, याचा अनुभव एका चित्राने दिला. कॅसलरॉकच्या फलाटावर एक गणवेशातील माणूस हातात झेंडी घेऊन उभा आहे आणि मागे गाडी आहे. पाठीमागे उर्दूत ‘आख़िरी गाड़ी’ एवढेच लिहिलेले, साल नाही. घरातील तरुण मंडळींनी मला ठामपणे सांगितले की हे आजोबांचे, १९५५ मधील शेवटच्या गाडीचे चित्र आहे. घरात हीच कथा वर्षानुवर्षे सांगितली जात होती. परंतु भिंगातून पाहता चित्राच्या कडेला डिझेल इंजिनाचा पुढचा भाग स्पष्ट दिसला. आकारावरून ते वायडीएम-४ जातीचे होते. हे इंजिन भारतात १९६० च्या दशकाच्या सुरुवातीस आले. तेव्हा हे चित्र १९५५ चे असणे शक्यच नव्हते.

चाचांची नजर आता अधू झाली आहे. मी इंजिनाचे वर्णन करून पाठीमागची अक्षरे वाचून दाखवली, तसे ते हसले. म्हणाले, “ते अब्बा नाहीत. तो मी आहे. मीटरगेजची शेवटची गाडी.” १९९० च्या दशकात मार्गाचे ब्रॉडगेजमध्ये रूपांतर झाले, त्या वेळी एका सहकाऱ्याने त्यांच्याच कॅमेऱ्याने ते काढले होते. काळ्या-पांढऱ्या फिल्मचा एक रोल शिल्लक होता, म्हणून रंगीत चित्रांच्या काळातही ते काळे-पांढरे राहिले आणि पाहणाऱ्यांना जुने वाटले.

ही कुटुंबाची चूक म्हणून सोडून देता येईल, पण ती तपासण्यासारखी आहे. या घराने एकाच मार्गावरील दोन ‘शेवटच्या गाड्या’ पाहिल्या. पहिली राजकारणाने थांबवली, दुसरी तंत्रज्ञानाने. पहिल्या वेळी वडिलांची बदली झाली. दुसऱ्या वेळी मुलाच्या हातचे लिव्हर गेले. पुढच्या पिढीने या दोन घटना एका चित्रात एकत्र केल्या. तारीख चुकली, परंतु दोन्ही वेळी घराने काय गमावले ते स्मृतीने अचूक धरून ठेवले. अभ्यासकाने स्मृतीकडून सालाची अपेक्षा करू नये आणि छायाचित्राकडून अर्थाची. दोन्ही समोरासमोर ठेवल्यावरच काही हाती लागते.

येथे लिखित साधनांची एक मर्यादाही लक्षात घेतली पाहिजे. सिग्नल कामगार सरकारी कागदपत्रांत ठळकपणे येतो तो बहुधा अपघात झाल्यावर. तेव्हा त्याचा जबाब घेतला जातो, त्याच्या हालचालीचा मिनिटामिनिटाचा हिशेब होतो. २ जून २०२३ रोजी ओडिशातील बालासोर जिल्ह्यात बहानगा बाजार येथे अपघात झाला. सिग्नलच्या वायरिंगमध्ये बदल करताना झालेल्या चुका चौकशीत पुढे आल्या आणि सिग्नल विभागाचे काम काही काळ देशभर चर्चेत आले. ते आवश्यकही होते. पण ज्या रात्री सर्व गाड्या सुखरूप गेल्या, त्या रात्रींची नोंद कोठे असते? रजिस्टरमध्ये वेळा असतात. कालांतराने रजिस्टरेही नष्ट केली जातात. चाचांच्या सुमारे चार दशकांच्या नोकरीतील बिनचूक रात्रींचा पुरावा म्हणून आज ही चाळीस चित्रेच उरली आहेत.

तीही किती दिवस टिकतील हे सांगता येत नाही. अल्बमच्या डिंकाने काही चित्रांचे पृष्ठभाग खराब झाले आहेत. त्याहून गंभीर बाब अशी की चित्रांच्या पाठीमागे जे लिहिले आहे ते उर्दूत आहे आणि घरातील नातवंडांचे शिक्षण कन्नड व इंग्रजीतून झाले आहे. त्यांना ते वाचता येत नाही. चाचांना अक्षरे येतात, पण दिसत नाहीत. त्या चार-दोन शब्दांना वाचक न मिळाल्यामुळेच घरात चुकीची कथा रुजली.

या संदर्भात आपल्या महाविद्यालयांतील अध्यापकांना एक विनंती करावीशी वाटते. आपल्या गावांत रेल्वे, गिरण्या, बंदरे, छापखाने यांत आयुष्य घालवलेली माणसे अद्याप आहेत. इतिहासाच्या आणि भाषेच्या विद्यार्थ्यांना त्यांच्याकडे पाठवावे. चित्राची पुढची बाजू आणि मागची बाजू, दोन्हींची प्रत घ्यावी. मागचा मजकूर मूळ लिपीत आणि मराठीत उतरवून ठेवावा. चित्र समोर ठेवूनच मुलाखत घ्यावी आणि सांगणाऱ्याचे म्हणणे चित्रातील वस्तूंशी ताडून पाहावे. विसंगती आढळली तर ती खोडू नये, नोंदवावी. मूळ चित्रे त्या घरातच राहू द्यावीत.

चाचांच्या सर्व चित्रांच्या पाठीमागील मजकूर आम्ही आता उतरवून घेतला आहे. ‘आख़िरी गाड़ी’च्या चित्राखाली त्यांच्या नातीने कन्नडमध्ये त्यांचे नाव लिहिले. आजोबांच्या वडिलांचे छायाचित्र मात्र त्या घरात एकही नाही, ही गोष्ट त्याच दिवशी सर्वांच्या लक्षात आली. त्यांच्याविषयी जे काही आहे ते चाचांच्या बोलण्यात आहे. ते लिहून घेण्याचे काम सुरू आहे.