करवीर प्रांतीं अंकविद्या : परवचा, पाटी व गांवचें दप्तर

जुन्या दप्तरांचा संग्रह करणाऱ्याच्या हातीं सनद, महजर किंवा निवाडपत्र आलें म्हणजे तो तें जिवापाड जपतो. त्याच रुमालांत पाढ्यांचीं चार पानें, पावकी-निमकीचा एखादा जीर्ण बंद किंवा वजनमापांचें कोष्टक निघालें, तर मात्र तें ‘पोराचें लिहिणें’ म्हणून बाजूस पडतें व पुढें रद्दींत जातें. प्रस्तुत लेखांत आम्हांस एवढेंच दाखवावयाचें आहे कीं, हे कागदही इतिहासाचीं साधनें आहेत. त्यांच्यावांचून जुना हिशेब नीट वाचतां येत नाहीं, व हिशेबाची विद्या कोणाच्या घरीं नांदत होती हेंही कळत नाहीं. विवेचनास आम्ही करवीर प्रांत घेतला आहे. कारण ही विद्या कांहीं घरांच्या ओसरीवरून गांवच्या शाळेंत आणण्याचा यत्न तेथें राजाज्ञेनें, थोड्या वर्षांच्या अवधींत, झालेला आहे.

महाराष्ट्रांत गणिताचे दोन प्रवाह फार दिवस शेजारीं शेजारीं वाहत आले. एक शास्त्रीय. चाळीसगांवानजीक पाटणें येथील शके ११२८ च्या शिलालेखांत, भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानें आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं मठ स्थापिल्याचें नमूद आहे. दुसरा प्रवाह व्यावहारिक. तो पंतोजीच्या शाळेंत, कारकुनाच्या बैठकीवर व वाण्याच्या दुकानांत वाहत असे. हेमाद्रीच्या नांवावर मोडणारें मेस्तक या दुसऱ्या परंपरेचें दप्तरी अंग होय. पहिल्या प्रवाहाचा इतिहास पुष्कळांनीं लिहिला. दुसऱ्याकडे विद्वानांचें लक्ष क्वचितच गेलें.

पंतोजीच्या शाळेंत मूल धुळपाटीवर अंक गिरवी. पुढें पाढे, व पाढे झाल्यावर अपूर्णांकांची उजळणी : पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी व औटकी. यांतील औट म्हणजे साडेतीन. देहास औट हात म्हणणाऱ्या भाषेंत, आणि साडेतीन पीठांपैकीं एक पीठ असलेल्या करवीरांत, हा अंक मुलास मुळींच परका वाटण्याजोगा नव्हता. शाळेंत शिकलेलें घरीं दिवेलागणीस पुन्हां म्हणावयाचें, यास परवचा म्हणत. वडील किंवा आजोबा ऐकत, व चूक झाली तेथेंच अडवीत. शाळा व घर अशीं दोहीं ठिकाणीं ही विद्या पुरी होई.

या उजळणीस पुष्कळांनीं ‘निव्वळ घोकंपट्टी’ म्हणून हिणविलें आहे. परंतु जुन्या नाण्यामापांशीं ती ताडून पाहावी. रुपयाचे आणे सोळा, वजनी मणाचे शेर चाळीस. चाळीस आणे म्हणजे अडीच रुपये. म्हणून जिन्नस सात आणे शेर असेल तर मणाची किंमत काढण्यास गुणाकार-भागाकाराचें कारण नाहीं. अडीचकींतील सातवें पद म्हटलें कीं साडेसतरा रुपये हें उत्तर हजर. खंडीचे मण वीस. वीस आणे म्हणजे सव्वा रुपया. बारा आणे मण असेल तर सवायकीप्रमाणें खंडीचे पंधरा रुपये. पायलीचे शेर चार. म्हणून शेराचे जितके आणे तितके पायलीचे पाव रुपये, हें पावकीचें काम. व्याज दरमहा शेंकडा दीड असल्यास सातशें रुपयांचें महिन्याचें व्याज साडेदहा, हें दिडकीचें. आणि जेथें सोळा पायल्यांचा मण चालत असे, तेथें जितके रुपये मण तितके आणे पायली, हें तर पाढ्यावांचूनच सिद्ध होतें. सारांश, या उजळणीच्या मुळाशीं नाणें व माप यांचें नातें होतें. बारा वर्षांच्या मुलास तिच्या बळावर बाजारांत कोणी फसवूं शकत नसे.

लेखनाची रीतही याच विभागणीवर बसविलेली आहे. रुपयांच्या अंकापुढें एक उभी रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. त्यापुढील आडव्या वा तिरप्या रेघा आण्यांच्या. पांचाच्या अंकापुढें दोन उभ्या व तीन आडव्या रेघा असल्या तर ती रक्कम पांच रुपये अकरा आणे. या उभ्या रेघा विरामचिन्ह समजून नकलेंत गाळल्या गेल्या, तर प्रत्येक कलमांत अर्धा रुपया बुडतो. त्या एकाचे अंक समजल्या गेल्या, तर पांचाचे पांचशें अकरा होतात. असा छापील हिशेब बेरजेस जुळत नाहीं, व दोष मूळ लेखकाच्या माथीं बसतो. बेरीज न जुळल्यास प्रथम रेघा तपासाव्या, हा नियम संपादकांनीं पाळणें इष्ट आहे.

आतां ही विद्या कोणास मिळत होती? मुंबई सरकारच्या कौन्सिलचा सभासद प्रेंडरगास्ट यानें १८२१ सालीं लिहून ठेविलें आहे कीं, मुलुखांत शाळा नाहीं असें गांव, लहान असो वा मोठें, क्वचितच सांपडेल. परंतु रा. वि. परुळेकर यांनीं संपादिलेल्या १८२० ते १८३० या दशकांतील चौकशीच्या कागदांवरून इतकें सुखावह चित्र उभें राहत नाहीं. शिवाय ती चौकशी इंग्रजी मुलुखापुरती होती; करवीर संस्थानास ती जशीच्या तशी लावणें युक्त नव्हे. तथापि एक गोष्ट सर्वत्र सारखी दिसते. मुली व अस्पृश्य मानलेल्या जातींचीं मुलें या शाळांतून जवळजवळ नव्हतींच. कुणब्यांचीं मुलेंही थोडीं. कुलकर्ण्याच्या घरीं मात्र परवचा हा वतनाचाच भाग होता. ज्याच्या घरीं अंकी, त्याच्या घरीं दप्तर. व ज्याच्या घरीं दप्तर, त्याच्या शब्दावर गांवची वसूलबाकी. रयतेस आपल्या नांवची बाकी खरी कीं खोटी हें पडताळून पाहण्याचें साधन नव्हतें.

या दृष्टीनें पाहतां शाहू छत्रपतींच्या दोन आज्ञा एकत्र वाचल्या पाहिजेत. १९१७ सालीं त्यांनीं संस्थानांत सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला. मुलास शाळेंत न पाठविणाऱ्या पालकास दंडाची तरतूद त्यांत होती. लागलीच १९१८ मध्यें कुलकर्णी वतनें बंद करून पगारी तलाठी नेमण्याची व्यवस्था केली. १९१९ सालीं अस्पृश्यांच्या निराळ्या शाळा मोडून सर्व मुलांस एकाच शाळेंत घेण्याची आज्ञा झाली. चरित्रकार या गोष्टी निरनिराळ्या प्रकरणांत घालतात. आमच्या मतें त्यांचा धागा एकच आहे. गांवचें दप्तर वतनाच्या घराबाहेर काढावयाचें, तर अंकीही त्या घराबाहेर आली पाहिजे. एकीवांचून दुसरी आज्ञा पांगळी झाली असती. कुलकर्ण्यांच्या कित्येक पिढ्यांनीं दप्तर चोख राखलें हें खरें, व वतन गेल्याचें दुःखही खरें. परंतु ज्याचा हिशेब त्यास तो वाचतां यावा, हा न्याय त्याहून मोठा होय.

पुढें या उजळणीचें मूळ कारणच सरलें. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर पैसे झाले, व १९५८ पासून किलोग्रॅम-लिटराचीं मापें टप्प्याटप्प्यानें आलीं. सोळा आणे व चाळीस शेर गेले, तेव्हां अडीचकी व सवायकी यांस घरचा आधार राहिला नाहीं. औटकी म्हणणारीं माणसें आतां थोडीं उरलीं आहेत.

म्हणून संग्राहकांस आमची विनंती आहे कीं, उजळणीचीं पानें, हस्तलिखित असोत वा छापील, दप्तरापासून वेगळीं करूं नयेत. पान कोणत्या घरच्या रुमालांत व कोणत्या कागदांजवळ सांपडलें, लिपि मोडी कीं बाळबोध, पाढे कोठवर आहेत, अपूर्णांक कोणते, मण बारा पायल्यांचा कीं सोळांचा, एवढ्या गोष्टी टिपून ठेवाव्या. मणाचा एक आंकडा हातीं लागला तरी त्या गांवच्या साऱ्या धान्यहिशेबाची किल्ली सांपडते. ज्यांच्या घरीं वृद्ध मंडळींस परवचा अद्यापि येत असेल, त्यांनीं तो त्यांच्या तोंडून उतरून घ्यावा. कागद पुढेंमागें दुसरीकडे मिळेल, पण पाठांतर माणसाबरोबरच जातें.