खुशाल आहे

'कशी आहेस?' असं फोनवर विचारलं की आजी म्हणायची, "खुशाल आहे." मग पुढची दहा मिनिटं गुडघे, बीपी आणि न आलेला पाऊस.

या अर्थाने हा शब्द आता फारसा ऐकू येत नाही. आपण 'मजेत' म्हणतो. आपल्याकडे उरलंय ते दुसरं खुशाल: "खुशाल जा, मी कुठे अडवतोय?" त्यात परवानगी आहे आणि बरेचदा रागही.

शब्द फारसीतून आला. खुश आणि हाल, म्हणजे चांगली अवस्था. गंमत अशी की एकट्या 'हाल'चा मराठीत त्रास झाला. प्रवासात हाल होतात, म्हाताऱ्या माणसांचे हाल होतात. 'खुशाल'मध्ये मात्र तोच हाल सुखात आहे.

१३४७ मध्ये बहमनी राज्य सुरू झालं, पुढे निजामशाही आणि आदिलशाही आली. दरबार, महसूल, न्याय यांच्या कागदांतून फारसी शब्द मराठीत मुरले. १६७४ च्या राज्याभिषेकाच्या काळात शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला. त्यात कारभारातल्या अशा शब्दांना संस्कृत पर्याय दिले. पण बोलण्यात रुजलेले शब्द कोशाने हलत नाहीत. पत्रांमध्ये संस्कृत 'कुशल' आणि फारसी 'खुशाली' दोन्ही नांदत राहिले. कानाला सख्खे वाटतात, पण नातं काहीच नाही.

कागदांत या 'खुश'ची आणखी एक शाखा जिवंत आहे. मागच्या वर्षी गावी ट्रंकेत आजोबांनी जमीन विकल्याचा कागद सापडला. मथळा होता, 'खुशखरेदीखत'. आत 'राजीखुशीने' लिहून दिल्याचा उल्लेख. आत्याच्या लग्नाचं कर्ज फेडायला विहिरीकडचा तुकडा विकला होता. त्या दिवशी आजी जेवली नव्हती, असं बाबा सांगतात.

मला आधी तो मथळा खोटा वाटला. पण तिथे खुशी म्हणजे आनंद नव्हे, स्वेच्छा. कोणी जबरदस्ती केली नाही, एवढंच. 'खुशाल जा' मधलं खुशालही याच वाटेने गेलं: आधी मनाचं सुख, मग मनाची मर्जी.

आजी गेली. तिचं 'खुशाल आहे' यातलं नेमकं कुठलं होतं, हे विचारायचं राहिलं. सगळं छान चाललंय असं ती कधीच म्हणाली नाही. गुडघ्यांचं तर लगेच सांगायची. तरी सुरुवात खुशालनेच करायची, कोणी सांगितलं नसताना.