देवास गेटची दोन रिव्हॉल्वरं

"दोनांतलं एक ठेवायचंय, एक विकायचंय. कुठलं ठेवू?"

2022 च्या दसऱ्याआधी उज्जैनहून मावसभावाचा, म्हणजे आमच्या दादाचा, फोन आला तेव्हा मला वाटलं ट्रॅक्टरविषयी बोलतोय. बोलत होता रिव्हॉल्वरविषयी! "तू येऊन जा एकदा. हे फॉर्म-बिर्म तुलाच कळतात," म्हणाला. आता मी पडलो गोव्यातला सरकारी कारकून. आयुष्यात हातात धरलेलं सगळ्यात धारदार हत्यार म्हणजे टाचण्या काढायची चिमटी. पण फायलीचं काम आणि वर मावशीचं घर, त्यामुळे रजा टाकली आणि गेलो.

मावशीचं घर देवास गेटला. उज्जैनच्या रेल्वे स्टेशनातून बाहेर पडलं की हा भाग अगदी जवळ. बसस्टँड, चामुंडामातेचा चौक, लॉज आणि पोह्यांच्या गाड्या. इथून देवासचा रस्ता सुटतो, म्हणून नाव देवास गेट. आपल्याकडच्या वाचकांना उज्जैन म्हटलं की महाकाल आठवतो, पण महाकालाचं आज दिसतं ते देऊळ 18 व्या शतकात राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी उभारलं, हे किती जणांना ठाऊक असतं? शिंद्यांच्या फौजेतले जिवबादादा बक्षी मूळचे केरकर, आणि लखबादादा लाडही आपल्याच बाजूचे. 1810 च्या सुमारास दौलतरावांनी बिऱ्हाड ग्वाल्हेरला हलवलं, तोवर शिंद्यांची राजधानी उज्जैनच होती. तेव्हा 1962 साली आमची मावशी लग्न होऊन माळव्यात गेली त्यात नवल काही नव्हतं. वाट जुनीच होती.

तर रिव्हॉल्वरं.

मला वाटलं होतं घरात पाऊल टाकताच दोन्ही टेबलावर मांडलेली दिसतील. टेबलावर होते नुसते कागद! मावशीचे यजमान, आमचे काका, 2021 साली गेले. परवानेदार गेला की त्याचं शस्त्र घरात ठेवता येत नाही. ते पोलिस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावं लागतं. दादाने दोन्ही विक्रेत्याकडे ठेवली होती. दुसऱ्या दिवशी आम्ही तिथे जाऊन ती पाहिली. काउंटरवर फडकं अंथरून त्या माणसाने दोन्ही शेजारी शेजारी ठेवली, आणि मी चक्रावलो. अहो, दोन्ही सारखीच!

तशी ती असणारच होती. पहिलं वेब्ली अँड स्कॉट, .32 बोअरचं, नळीवर बर्मिंगहॅमचा शिक्का. दादाच्या आजोबांनी ते ग्वाल्हेर संस्थानच्या नोकरीत असताना 1930 च्या दशकात घेतलेलं. दुसरं कानपूरच्या सरकारी आयुध कारखान्यातलं, तेही .32 चंच, काकांनी 1990 च्या दशकात घेतलेलं. कानपूरच्या रिव्हॉल्वरची बनावट वेब्लीच्याच घाटाची. खटका दाबला की दोन्ही मधोमध मोडतात, नळी खाली झुकते, सहा घरं वर येतात. एक मोठा भाऊ, एक धाकटा.

बोअर दोन्हींचं .32 च का, यालाही कारण आहे. 9 मिमी, .38, .45 ही लष्कराच्या आणि पोलिसांच्या वापरातली मापं आपल्या कायद्याने सामान्य माणसाला बंद आहेत. म्हणून हिंदुस्थानात घरगुती रिव्हॉल्वर म्हटलं की बहुधा 'पॉइंट बत्तीस'.

मग दोन्ही ठेवायला हरकत काय? हरकत दादाच्या दुनळीची. देवास रस्त्याला त्याचं शेत आहे. तिथे नीलगायी आणि रानडुकरं येतात, म्हणून बारा बोअरची बंदूक त्याच्या नावावर आधीपासून आहे. ती धरून तीन शस्त्रं होतात, आणि कायदा म्हणतो दोनच.

इथे थोडा इतिहास सांगायला हवा. 1857 नंतर इंग्रजांनी लोकांची हत्यारं काढून घेतली, आणि 1878 साली लिटनच्या अमदानीत शस्त्र कायदा आला. साहेबाला सूट, एतद्देशीयाला परवाना! हा भेद इतका झोंबला की 1887 च्या मद्रास अधिवेशनात काँग्रेसने त्यावर ठरावच केला. स्वातंत्र्यानंतर 1959 चा कायदा आला आणि 1 ऑक्टोबर 1962 पासून अमलात आला. भेद गेला, परवाना राहिला. 1983 च्या दुरुस्तीने माणशी तीन शस्त्रांची मर्यादा घातली. डिसेंबर 2019 मध्ये ती दोनावर आली. मूळ विधेयकात तर एकच होतं, चर्चेअंती दोन झालं. ज्यांच्याकडे दोनाहून जास्त होती त्यांना उरलेली जमा करायला वर्षभराची मुदत मिळाली. आणि वारसाहक्काने परवाना देतानाही दोनाची मर्यादा ओलांडायची नाही, हे कायद्यात स्पष्ट लिहिलं. दादा नेमका इथे अडकला.

दुनळी शेताला हवीच. मग या दोघांतलं कुठलं?

दादाचं मन वेब्लीवर. आजोबांची वस्तू! त्याच्या मुलाचा हिशोब वेगळा. तो म्हणाला, "बाबा, म्हातारीचा स्प्रिंग ढिला झालाय, सुटे भाग मिळणार नाहीत. वापरायचंच असेल तर कानपूरचं ठेवा. आणि खरं विचाराल तर दोन्ही काढा."

त्यात भावाची गोष्ट निघाली. 1980 च्या दशकाच्या मध्यापासून सामान्य परवानेदारासाठी परदेशी शस्त्रांची आयात बंद आहे. त्यामुळे त्याआधी देशात आलेली विलायती रिव्हॉल्वरं तेवढीच, आणि भाव गगनाला. वेब्ली अँड स्कॉटने 2020 साली उत्तर प्रदेशात हरदोई जिल्ह्यातल्या संडीला इथे भारतीय भागीदाराबरोबर .32 रिव्हॉल्वर बनवायचं जाहीर केलं, तरी जुन्या बर्मिंगहॅम शिक्क्याचे शौकीन वेगळेच. वेब्लीला जो भाव सांगून आला त्याच्या चौथा हिस्साही कानपूरच्याला येत नव्हता. म्हणजे जे कामाचं त्याला भाव नाही, आणि जे बिनकामाचं त्याला सोन्याचा भाव!

पण कामाचं तरी काय उरलं होतं? काका धान्याचा व्यापार करायचे. माळव्यात सोयाबीन आलं तसा मंडीत पैसा खेळू लागला, आणि तो रोखीत. संध्याकाळी पिशवी घेऊन घरी यायचं, म्हणून त्यांनी रिव्हॉल्वर घेतलं. आज तो पैसा खात्यावर जमा होतो. काकांनी उभ्या आयुष्यात त्यातून एकही गोळी माणसावर झाडली नाही, आणि आजोबांनी तर वेब्ली दसऱ्याला पूजेपुरतीच बाहेर काढली.

रात्री जेवणं झाली तरी वाद चालूच. मी कागदावर दोन रकाने पाडून गुण-दोष लिहीत बसलो होतो (सवय!). मावशी कोपऱ्यात वाती वळत होती. वय ऐंशीच्या पुढे, साठ वर्षं माळव्यात, आणि एकदम आपल्या कोकणीत म्हणाली,

"पूण घेवपी कोण रे?"

सगळे गप्प.

"कुठलं ठेवायचं यावर तीन दिवस बोलताय. जे जाणार ते कुणाच्या हातात जाणार, त्याचं नाव कुणी विचारलंत?"

मग तिने सासऱ्यांकडून ऐकलेलं सांगितलं. आपल्या देशातलं सगळ्यात कुप्रसिद्ध पिस्तूल याच संस्थानातून गेलं. 27 जानेवारी 1948 च्या रात्री नथुराम गोडसे आणि नारायण आपटे ग्वाल्हेरला उतरले, 28 तारखेला एक इटालियन बेरेटा मिळवून परतले, आणि 30 तारखेला दिल्लीत गांधीजींवर त्यातूनच गोळ्या झाडल्या गेल्या. दोघेही मराठी बोलणारे. त्या पिस्तुलाचा क्रमांक 606824 खटल्याच्या कागदपत्रांत नोंदलेला आहे. सासरे म्हणायचे, वस्तू विकली की आपले हात मोकळे झाले असं समजू नये.

मला कारकुनाला हे फार लागलं. कायद्यात कलम 5 आहे. खाजगी माणसाने शस्त्र विकायचं तर घेणाऱ्याचं नाव-गाव जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलिस ठाण्याला लेखी कळवायचं आणि किमान 45 दिवस थांबायचं. आम्ही कार्यालयात असल्या मुदतींना कंटाळतो, लोक तर शिव्याच घालतात. पण त्या रात्री मला त्या 45 दिवसांचा अर्थ कळला. मावशीचा प्रश्नच तिथे सरकारी भाषेत लिहिलाय!

मग आम्ही रकाने बाजूला ठेवून घेणाऱ्यांची चौकशी केली. वेब्लीला तो मोठा भाव देणारा गृहस्थ नुकताच परवाना काढलेला, हौशी. लग्नाच्या वरातीत बार काढायची त्याची इच्छा त्याने लपवलीही नव्हती. 2019 च्या दुरुस्तीने असा बार निष्काळजीने काढून दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणं हा गुन्हा ठरवलाय, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पण गुन्हा ठरला म्हणून गोळी परत येत नाही. कानपूरच्यासाठी विचारणारा होता मंडीतला एक अडत्या, परवानेदार, काकांच्या ओळखीतला, अजूनही रोकड घेऊन गावोगाव माल उचलायला जाणारा. मावशीने त्याच्या मुलाच्या बारशाला जाऊन आल्याचं सांगितलं.

निर्णय तिथेच झाला. कानपूरचं अडत्याला, वेब्ली दादाकडे. पैशाचं नुकसान झालं, ते काही थोडं नव्हतं. घराची गच्ची गळत होती, तीही तशीच राहिली. हा निर्णय शहाणपणाचा होता असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पुतण्याने निघताना मला हळूच सांगितलं, "काका, बाबांनंतर हाच प्रश्न माझ्यापुढे येईल. मी ते सरळ सरकारजमा करीन." त्याचंही चुकत नाही.

बहिणींच्या ना-हरकती, मृत्यूचा दाखला, जुन्या परवान्याची प्रत, सगळं लावून मी अर्ज तयार करून दिला आणि गोव्याला परतलो. आमच्या कुळागरात खेत्यांना पळवायला आजोबांची बंदूक होती, निवडणूक जाहीर झाली की पोलिस स्टेशनात जमा करायला न्यावी लागायची. आजोबांनंतर वडिलांनी ती विकली. कुणाला, ते मी कधी विचारलं नव्हतं. उज्जैनहून आल्यावर आईला विचारलं. तिला आठवत नाही.

गेल्या वर्षी दादाने परवान्याचा फोटो पाठवला. दोन नोंदी, एक दुनळी, एक .32, पुढे क्रमांक. खाली मावशीचा निरोप होता: गच्ची दुरुस्त झाली, आता सवडीने ये.

असो. पुढच्या खेपेस रामचंद्रबाबांच्या महाकालाविषयी लिहीन म्हणतो.